पडदा बंद करून चालव

ज्या माणसानं मला कॉम्प्युटरवरचं प्रोग्रामिंग शिकवलं, त्याचा आधी जाहीर निषेध करते आणि मग त्याच्याविषयी लिहिते. पत्रकं लिहून लिहून हाताला हेच वळण लागलंय, त्याला इलाज नाही. निषेध कशाचा तेही इथंच सांगते, कारण मागणी खाली दडवली की लोक वरच्या चार ओळी वाचून पत्रकात भजी बांधून नेतात.

मच्छे गावच्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, गेटजवळ ट्रक तोलायचा काटा आहे. त्या काट्याच्या खोलीत बसणाऱ्या आप्पांना दिसत नव्हतं. काचबिंदूनं डोळे गेले होते. उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं. मालकाला याचा पत्ता नव्हता. कळलं तर आप्पा दुसऱ्या दिवशी घरी, हे धरूनच सगळं चाललं होतं. आणि आप्पांची ती खुर्ची एका माणसानं आपल्या प्रोग्रामच्या जोरावर तीन वर्षं टिकवून धरली होती. आम्ही त्याच्या हाताखाली शिकत होतो, त्याच्या प्रोग्रामला हात लावत होतो, आणि आम्हाला त्यानं यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं.

निषेध त्याचा.

उद्यमबाग या आमच्या कारखान्यांच्या वस्तीत त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवलेलं नव्हतं. पण प्रश्न विचारला की उत्तर द्यायच्या ऐवजी उलटा प्रश्न विचारायचे, त्यावरून पडलेलं नाव असावं. त्यांचं ऑफिस म्हणजे लेथच्या कारखान्यावरची पत्र्याची खोली. खाली लेथ सुरू झाला की वर आमचे चहाचे कप टेबलावर आपोआप सरकायचे. मास्तर मूळचे घाटमाथ्यावरच्या जांबोटीकडचे. त्या पावसात वाढलेला माणूस दिसेल ते झाकून ठेवतो. ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर घोंगडं असायचं. सकाळी आल्यावर घोंगडी झटकायची, घड्या घालायच्या, मग बाकीचं जग. पहिल्या दिवशी मला हसू आलं.

"हसू नगं," मास्तर म्हणाले. "त्येनला थंडी वाजत न्हाय हे ठावं हाय मला. भट्टीची धूळ लई वंगाळ."

मी तिथं गेले तेव्हा माझी मान ताठ होती. आमच्या सीमाभागातल्या मराठीच्या चळवळीसाठी मी फोनवरचं अ‍ॅप केलं होतं. मोर्चाला कुठल्या गावातून किती लोक, गाडी कुठं थांबणार, पोलिसांनी रस्ता बदलला तर कुठून वळायचं, सगळं त्यात. खानापूर तालुक्यातल्या म्हाताऱ्यांच्या फोनातसुद्धा ते होतं. बसवर, फलकावर, सरकारी कागदावर आमच्या भाषेला जागा द्या, एवढी आमची मागणी. पण मोर्चात पुढं उभं राहून घोषणा देणाऱ्या मुलीला नोकरी कोण देतो? मास्तरांनी दिली.

"काय करतीस?"

"मोबाईल अ‍ॅप करते."

"आनी?"

"पत्रकं लिहिते."

"त्ये बरं हाय," ते म्हणाले. "पत्रक एकदा वाटलं की मागारी घेता येत न्हाय. हितलं काम तसंच हाय."

मग त्यांनी माझ्या हातातला फोन काढून घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि एका घोंगड्याखाली ठेवून दिला. मुलाखत संपली.

त्यांचं ते पत्रकाचं बोलणं मला कळायला वेळ लागला. फोनच्या अ‍ॅपमध्ये चूक झाली तर संध्याकाळपर्यंत दुरुस्ती करून सोडायची. लोक झोपेत असताना नवं अ‍ॅप त्यांच्या फोनात जाऊन बसतं. मास्तरांचे प्रोग्राम असे नव्हते. फौंड्रीत, वखारीत, पिठाच्या गिरणीत जायचं, त्यांच्या मशीनमध्ये प्रोग्राम ठेवायचा आणि परत यायचं. त्या मशीनला इंटरनेट नसायचं. चूक गेली की ती तिथंच राहायची, रोज त्या माणसाला छळत.

"मशीन त्येंचं हाय. आपन पावनं," हे त्यांचं दिवसातून दहादा ऐकायला मिळणारं वाक्य. दुसऱ्याच्या घरात पाहुण्यानं जसं वागावं तसं प्रोग्रामनं वागायचं. स्वयंपाकघरात शिरायचं नाही. आपलं सामान घरभर पसरायचं नाही. मशीन सुरू झालं रे झालं की न बोलावता हजर व्हायचं नाही. निघताना आपलं अंथरूण आपण उचलायचं. मी मोबाईलवरून आलेली. तिथं एका वेळी एकच अ‍ॅप समोर असतं आणि ते अख्खा पडदा व्यापतं. तिथं पाहुणाच घरमालक!

हे सगळं त्यांनी तोंडानं शिकवलं असतं तर मी निषेध केला नसता. पण त्यांची पद्धत भलतीच.

मी एकदा असं केलं होतं की काही अडचण आली की माझ्या प्रोग्रामचा निरोप बाकी सगळ्या खिडक्यांच्या पुढं येऊन उभा राहील. फोनवर तसंच चालतं. मास्तरांनी ते बघितलं. दुपारी मी डबा उघडला. मास्तर उठले, स्टूल ओढलं, माझ्या आणि माझ्या डब्याच्या मधोमध येऊन बसले आणि माझी भाकरी मोडून माझ्या वांग्याच्या भाजीला लावून खायला लागले.

मी थक्क. "मास्तर! माझा डबा आहे तो!"

"मग?"

"मग काय? विचारायचं तरी!"

"तुझा प्रोग्राम इचारतोय काय? मानूस आपलं काम करायलाय, आनी ह्यो मदी येऊन बसतोय. मी बसलो तर एवढं लागलं?" दुसरा घास घेत म्हणाले, "आईला सांग, मीठ जरा कमी पडलंय."

दुसऱ्या एका प्रोग्राममध्ये मी बाहेर पडायची सोयच ठेवली नव्हती. फोनवर कोण कशातून बाहेर पडतं? नुसतं बोटानं बाजूला सारायचं. त्या दिवशी संध्याकाळी मी खाली आले तर माझी स्कूटर भिंतीकडे आणि तिच्या मागं, बोळ पूर्ण अडवून, मास्तरांची जुनी फटफटणारी स्कूटर, हँडल लॉक करून. मास्तर समोरच्या टपरीवर चहा पीत बसलेले. मी ओरडले. ते म्हणाले, "भाईर पडायचं दार ठिवलं न्हाईस की गं. म्या तरी कुठनं आनू?" मी वर जाऊन ती सोय केल्याशिवाय स्कूटर हलली नाही.

आता सांगा, ही शिकवणी म्हणायची की छळ?

पण सगळ्यात वेडेपणा वाटायचा तो वेगळाच. नवीन माणूस आला की मास्तर त्याचा माऊस काढून घेत आणि लोखंडी कपाटात कुलपात टाकत. सगळं काम कीबोर्डवर. एवढ्यावर भागायचं नाही. प्रोग्राम तयार झाला, की ते मागून यायचे, कॉम्प्युटरचा पडदा बंद करायचे आणि म्हणायचे, "हां. आता चालव."

"पडदा बंद करून?"

"पडदा बंद करून चालव."

काळ्या काचेपुढं बसून मी चाचपडायची. कुठल्या रकान्यात आहे कळायचं नाही, कुठलं बटण दाबलं गेलं कळायचं नाही. मास्तर पडद्याकडे नव्हे, माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. मी चुकले की एवढंच म्हणायचे, "तुला कळंना, तर त्येला कसं कळंल?"

"त्याला म्हणजे कुणाला?"

"जो कोन असंल त्येला."

मी घरी येऊन आईला सांगितलं, माणूस डोक्यानं जरा हललेला आहे. आज लिहिताना वाटतं, 'त्येला' म्हणजे कोण, हे त्यांनी त्या दिवशी एका वाक्यात सांगितलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. पण नाही. सांगायचं नाही, हाच त्यांचा बाणा.

आप्पांना मी तोवर बऱ्याचदा भेटले होते. मास्तरांबरोबर मच्छेला जायची, तेव्हा काट्याच्या खोलीत चहा व्हायचा. जाड चष्मा, स्वच्छ शर्ट, ताठ बसलेले, चेहरा पडद्याकडे. माझी स्कूटर थांबली की आतूनच म्हणायचे, "आलीस व्हय गं पोरी?" मला वाटायचं खिडकीतून बघतात. ट्रक काट्यावर चढला की ड्रायव्हर ओरडून गाडीचा नंबर सांगायचा, वॉचमन चाकं नीट चढली की शिट्टी मारायचा, आप्पांची बोटं टकटक चालायची आणि पावती बाहेर. वजन काट्यातून वायरीनं थेट प्रोग्राममध्ये येतं, ते हातानं घालायचं नसतं. वजन स्थिर झालं की एक बारीक आवाज, पावती जमा झाली की दोन, काही चुकलं की लांब. एवढा वेग मी कुठं बघितला नव्हता. कौतुक वाटायचं. संशय? कशाला येईल?

तेव्हा माझ्या डोक्यात वेगळंच भूत होतं. मास्तरांचे सगळे प्रोग्राम इंग्रजीत. काट्यावर बसणारा मराठी, चालवणारे मराठी नाहीतर कन्नड, आणि पडद्यावर सगळं इंग्रजी! रस्त्यावरच्या फलकासाठी आम्ही लाठ्या खायच्या आणि आमच्याच ऑफिसात हे? मी मास्तरांना सुनावलं.

"कर की मराठीत," ते म्हणाले. मला भांडायची तयारी वाया गेल्यासारखं झालं. "कन्नडबी कर हळूहळू. फकस्त मच्छेच्या काट्याला हात लावू नगंस."

"का?"

"लावू नगंस म्हनलं की."

हे उत्तर आहे? विचारणाऱ्याच्या तोंडावर दार लावणं आहे हे. म्हाताऱ्याची आपल्या जुन्या कामावरची माया, असं समजून मी सोडून दिलं आणि कामाला लागले.

वखारींच्या काट्यांवरही मच्छेचाच प्रोग्राम होता, तो मी घेतला; त्यात प्रत्येक बटणावरच्या शब्दात मास्तरांनी एक चिन्ह घातलेलं होतं. दोन दुकानदारांच्या नावांच्या मध्ये पाटीवर असतं ना, 'आणि' या अर्थाचं, ते वेटोळं. शब्दाच्या आधी, कधी शब्दाच्या पोटात. अर्थ काही लागेना. मोबाईलवर मी असलं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, जुन्या मशीनमधून आलेला कचरा. मी इंग्रजी शब्द काढले, कचरा झाडून टाकला, आणि 'वजन घ्या', 'जतन करा', 'छापा' असे सणसणीत मराठी शब्द बसवले. बटणंही मोठी केली, बोटाला लागतील अशी, आणि माझ्या नजरेला बरी दिसतील अशी इकडची तिकडे हलवली. पडदा इतका देखणा दिसायला लागला की मी त्याचा फोटो काढून चळवळीतल्या पोरांना पाठवला. सगळ्यांनी झेंडे पाठवले.

जुलैत मास्तर रोप लावणीला गावाला गेले. दरवर्षी जायचे. जांबोटीच्या पलीकडं त्यांचं गाव, तिथं फोन लागत नाही, एसटी आली तर आली. आणि नेमका त्याच आठवड्यात मच्छेच्या काट्यावरचा कॉम्प्युटर बसला. भट्टीची धूळ, दुसरं काय. मालकानं नवा आणवला आणि ऑफिसात फोन केला: प्रोग्राम घालून द्या, गाड्या थांबल्यात. मालक निपाणीकडचे, घरचा तंबाखूचा व्यापार सोडून लोखंडात आलेले. बोलता बोलता मधेच कन्नडमध्ये शिरायचे. "लगूच या, मॅडम. लगू, लवकर." मास्तरांना मी फोन लावून लावून थकले. मच्छेचा जुना प्रोग्राम त्यांच्या कपाटात, किल्ली त्यांच्या कमरेला. माझ्याकडं होता तो मराठी. मी तो घेऊन गेले. मास्तरांनी हात लावू नको म्हटलं होतं, पण गाड्या थांबल्या असताना न सांगितलेल्या कारणासाठी मी त्या थांबवून ठेवायच्या का?

प्रोग्राम बसला. आप्पा खुर्चीत बसले. पहिला ट्रक चढला, ड्रायव्हरनं नंबर ओरडला, शिट्टी झाली. आप्पांनी दोन बोटं टाकली.

टंग.

परत टाकली. टंग. कॉम्प्युटरला न कळणारी कळ दाबली की तो देतो तो कोरडा आवाज. आप्पांची बोटं थांबली, परत तीच जागा शोधून परत तेच. टंग. टंग. मागं दुसरा ट्रक हॉर्न द्यायला लागला. मी म्हटलं, "आप्पा, ते मोठं बटण आहे बघा, मधोमध, 'वजन घ्या'. माऊसनं दाबा."

आप्पांनी मान माझ्याकडे वळवली. माझ्याकडे म्हणजे माझ्या आवाजाकडे. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं भिंतीवर. आणि अगदी हळू म्हणाले, "पोरी, दार पुढं कर जरा. पडद्यावर काय आलंय, वाचून दाव."

मी दार लोटलं. ती जाड काच, ती ताठ मान, तो पडद्याकडं लावलेला चेहरा, सगळं एका क्षणात उलटं झालं. पडदा बंद करून चालव! कुणासाठी, ते आत्ता माझ्यापुढं बसलं होतं. मी हादरले, आणि हादरल्याबरोबर पहिला विचार आला तो मास्तरांची कॉलर धरायचा.

"आप्पा, केव्हापासून?"

"त्ये मागनं. आदी गाडी काढ."

मी त्यांच्या शेजारी बसून माऊसनं ट्रक काढला. मग दुसरा. रांग हमरस्त्यापर्यंत गेली होती. मालक तरातरा आले, दार उघडलं. "एन आयतु? काय झालंय?"

आप्पा शांत. "कायबी न्हाय मालक. नवीन मशीन हाय, पोरगी शिकवायलीय."

मालक माझ्याकडं बघत राहिले. मी मान हलवली. मालक गेले.

रांग सरल्यावर आप्पांनी मला बोटांची हकीकत सांगितली. वजन घ्यायचं तर कीबोर्डवरच्या ऑल्ट या कळीबरोबर डब्ल्यू, जमा करायचं तर ऑल्टबरोबर एस, छापायचं तर पी. मास्तरांचं ते वेटोळं चिन्ह त्यासाठी होतं: शब्दातल्या ज्या अक्षराआधी ते ठेवाल, त्या अक्षराची कळ त्या बटणाला जोडली जाते. माणसाला माऊस लागत नाही. पडदाही लागत नाही. मी कचरा म्हणून आप्पांची वाट झाडून टाकली होती. मी ऑफिसात पळाले, प्रत्येक मराठी शब्दापुढं कंसात एकेक इंग्रजी अक्षर ठेवलं, त्याआधी ते चिन्ह ठेवलं, हलवलेली बटणं जागच्या जागी नेली आणि दिवस मावळायच्या आत परत मच्छेला आले. आप्पांनी बोटं टाकली. एक बारीक आवाज. मग दोन. त्यांनी श्वास सोडला.

"आता मराठीत हाय म्हनतीस न्हवं?"

"हो, आप्पा."

"माझ्या काय कामाचं? मराठीत करायचं तर बोलाय लाव की त्येला."

मास्तर परतले तेव्हा पोटऱ्यांवरचा चिखल वाळलेला होता. मी जिन्यातच गाठलं. कळा मोडल्याबद्दल ते रागावतील असं वाटलं होतं. त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी विचारलं ते असं: "कुनाकुनाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही! पण सांगायला हवं, मास्तर! माणसाची कामावर असताना दृष्टी गेली तर त्याला हाकलता येणार नाही, हा त्याचा हक्क आहे. आपण मागू या. मी पत्रक काढते. कामगार उभे राहतील."

"पत्रक काडशील. दोन दिवस गाजंल. तिसऱ्या दिवशी काट्यावर दुसरा बसंल."

"आणि आत्ता काय आहे? तुम्ही त्यांना लपवून ठेवलंय!"

"म्या त्येला कामावर ठिवलंय."

"भित्रेपणा आहे हा!"

"आसंल." त्यांनी घोंगडं झटकलं. "तुझं पत्रक त्येला वाचाय येनार न्हाय, एवढं ध्यानात ठेव."

त्या वाक्यानं मी दोन दिवस ऑफिसला गेले नाही. इतकं क्रूर कुणी बोलतं? पण आप्पांची मागणी डोक्यातून जाईना. तिसऱ्या दिवशी गेले आणि म्हटलं, प्रोग्रामला बोलायला लावायचं. मास्तर नको म्हणाले. "आवाज फुटला की समदं फुटलं." मी म्हटलं, ड्रायव्हरांसाठी आहे असं सांगू; वजनावरून त्यांची रोज भांडणं असतात, कानांनी ऐकलं की गप्प बसतील. दुसऱ्या दिवशी टेबलावर एक स्पीकर होता, धूळ जाऊ नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला.

वजन सांगायला आवाज कुणाचा? माझाच. आपल्या आकड्यांची एक गंमत त्या वेळी कळली. इंग्रजीत वीस आणि दोन जोडले की बावीस होतं. मराठीत बावीस वेगळं, बत्तीस वेगळं, एकोणसाठचं तर नातंच भलतीकडं. एक ते नव्याण्णव सगळं सुटं म्हणावं लागतं. मास्तर खाली जाऊन लेथ बंद करायला लावायचे, पंखा बंद करायचे, आणि मी घामाघूम होऊन आकडे म्हणायची. पहिलं ऐकवल्यावर आप्पा खुर्चीत मागं सरकले.

"पोरी, वजन सांग. मोर्चा काडू नगंस."

परत सगळं, हळू आवाजात.

काट्यावर बोलणं सुरू झालं तेव्हा ड्रायव्हरांना भारी वाटलं. 'चौदा हजार दोनशे वीस किलो.' आप्पा तेच कन्नडमधून परत सांगायचे, गोकाक-चिकोडीकडच्या गाड्यांसाठी. चार दिवसांनी मालक स्वतः ऐकायला आले. मी तिथंच होते. एक ट्रक तोलला गेला, माझा आवाज आला, मालक खूश. "छलो, चांगलं केलंय हं मॅडम. ड्रायव्हर लोकांची किरकिर गेली."

आप्पा उठून उभे राहिले.

"मालक, ह्ये ड्रायव्हरांसाठी न्हाय. माझ्यासाठी हाय. मला दिसत न्हाय."

बाहेर ट्रकचं इंजिन चालू होतं. मी आप्पांकडं बघत राहिले. मी त्यांना यातलं काही सुचवलं नव्हतं, शपथ. इतके दिवस माझ्या मनात शिजत होतं ते पत्रक त्यांनी एका ओळीत वाचून टाकलं होतं, आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी धडकी भरली होती.

"एष्टु वर्ष आयतु?" मालकांचा आवाज बदलला. किती वर्षं झाली?

"मूरु," आप्पा म्हणाले. तीन. "एक पावती चुकलीया का सांगा, मालक. चुकली आसंल तर आत्ता घरला जातो."

मालक त्यांच्या चेहऱ्यापुढं हात हलवायला गेले आणि मधेच लाजून मागं घेतला. दारापर्यंत जाऊन परत आले. "चाकं कोण बघतंय?"

"वॉचमन. शिट्टी मारतोय."

"वॉचमन गेटला पाहिजे." मालक थांबले. "भाईर चाकं बघायला एक पोरगं ठेवतो. आत तुमी बसा." दारातून वळून म्हणाले, "मला आदी सांगायचं की हो, आप्पा." त्यात राग होता की दुसरं काही, मला आजही सांगता येणार नाही. उद्या तो बाहेरचा पोरगा आत बसवला जाणार नाही याची खात्री कुणी दिली? मी म्हटलं लेखी घेऊ. आप्पा म्हणाले, "गप बस गं. चा सांग."

मास्तरांना मी ऑफिसात जाऊन सांगितलं. त्यांच्या तोंडाकडं बघत सांगितलं, जसं त्यांनीच शिकवलं होतं. दुसऱ्यांचा डबा खाणारा, दुसऱ्यांची वाट अडवणारा, कशानं न बिचकणारा तो माणूस तोंड उघडं टाकून उभा राहिला.

"तू सांगाय लावलंस?"

"नाही."

"मग कुनी लावलं?"

"कुणीच नाही, मास्तर. ते स्वतः बोलले."

हे त्यांना कळेचना. त्यांनी तीनदा तेच विचारलं. मग किल्ली घेऊन जिना उतरले. मी मागोमाग माझी स्कूटर काढली, पण मला फौंड्रीच्या गेटवर आडवा ट्रक लागला, त्याला वळसा घालून मी आत शिरेपर्यंत मास्तरांची फटफट काट्याजवळ बंद झाली होती. मास्तर खोलीत गेले नव्हते. चपला काढून हातात धरून ते काट्याच्या लोखंडी पाट्यावर, बरोबर मधोमध, उभे होते. बारीक पाऊस पडत होता. स्पीकरमधून माझाच आवाज आला: "पन्नास किलो."

खिडकीतून आप्पांचं हसणं ऐकू आलं. "मास्तर, तुझी गाडी वळखली म्या. लई वाळलास की रं! गावात जेवन घालत न्हाईत काय?"

मास्तर हसले नाहीत. "मला का न्हाय सांगितलंस?"

"तुला सांगितलं आसतं तर तू नगं म्हनला आसतास."

"म्हनलोच आसतो! आरं, घरला धाडलं आसतं म्हंजे?"

"म्हंजे घरला गेलो आसतो. माजं घर हाय त्ये." आप्पांनी खिडकीच्या गजांना चेहरा लावला. "मास्तर, तुजं उपकार मोप हाईत. पन तीन वर्सं मी तुझ्या प्रोग्रामात लपून बसलोतो. कोन दारात आलं की काळीज हालायचं. रोज, मास्तर. तू मला शेकडो कळा शिकीवल्यास. ऱ्हाऊ दे का मालकाला सांगू, एवढं एक कदी इचारलंस काय मला?"

मास्तर पाऊस अंगावर घेत तसेच उभे राहिले. मी त्यांच्याशी इतकी भांडले होते, की त्या क्षणी मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. त्यांनी हातातल्या चपला खाली ठेवल्या. आणि ज्या माणसाच्या तोंडून मी फक्त उलटे प्रश्न ऐकले होते, त्यानं सरळ विचारलं, "मग आता म्या काय करू, आप्पा?"

"आदी काट्यावरनं उतर," आप्पा म्हणाले. "मागं गाडी थांबलीया."